कोणत्या खुणा शिकाव्या?

आमच्या शाळेच्या वार्षिकांत आम्हीं दर वर्षीं कांहीं तरी लिहावें असा संपादक-मंडळाचा प्रेमळ आग्रह असतो, आणि दर वर्षीं 'वाचनाची आवड', 'शुद्धलेखन' अशा एखाद्या निरुपद्रवी विषयाआड लपून आम्ही वेळ मारून नेतों. ह्या वर्षीं तसें करवत नाहीं. गेलीं दोन वर्षें ज्या गोष्टीनें आमचें मन व्यापलें आहे तीच सांगावी असें वाटतें. ती आमच्या एका चुकीची गोष्ट आहे. ज्यांच्या संबंधांत ती घडली त्यांची परवानगी आम्हीं घेतली आहे. त्यांचीं नांवें मात्र येथें लिहीत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या आठवीच्या वर्गांत एक मुलगा होता. गणितांत हुशार, अक्षर वळणदार, स्वभाव अबोल. दिवाळीच्या सुटीनंतर त्याची हजेरी एकाएकीं बिघडली. कधीं सोमवार चुके, कधीं सबंध आठवडा. विचारलें तर 'घरीं काम होतें' एवढेंच उत्तर. शेवटीं आम्हीं त्याच्या वडिलांस बोलावणें धाडिलें. वडील शिंपी, आई घरीं काजें-बटणें करून त्यांस हातभार लावी. दोघेंहि जन्मापासून बहिरीं आहेत हें आम्हांस प्रवेशाच्या कागदावरून ठाऊक होतें. पण ठाऊक असणें निराळें आणि लक्षांत घेणें निराळें.

वडील आले. धुवून इस्त्री केलेला सदरा, खिशाला टांचणी, गळ्यांत अजून मापाची पट्टी. मुलगा त्यांच्या बाजूस उभा राहिला. आम्ही बोलत गेलों आणि मुलगा हातांनीं बापास सांगत गेला. आम्हीं म्हटलें, "तीन महिन्यांत एकवीस दिवस गैरहजर. कारण विचारलें तर खोटेंनाटें सांगतो. असेंच चाललें तर वार्षिक परीक्षेंत ह्याचें कांहीं खरें नाहीं." मुलाचे हात भराभर हालले. वडिलांनीं आमच्या तोंडाकडे निरखून पाहिलें, किंचित् हंसले, आणि मग बराच वेळ हातांनीं कांहीं सांगितलें. आम्हीं मुलास विचारलें, "काय म्हणतात?" तो म्हणाला, "बरं म्हणतात, सर." वडील नमस्कार करून निघून गेले.

आमच्या मनांत तत्काळ संशय आला. एवढी तक्रार ऐकून बाप हंसतो कसा? एवढें लांब बोलणें, आणि त्याचा अर्थ नुसता 'बरं'? मुलानें आमचे शब्द फिरविले असले पाहिजेत. तक्रारीची स्तुति करून सांगितली असली पाहिजे. त्याच संध्याकाळीं आम्हीं ठरविलें कीं, खुणांची भाषा शिकावयाची आणि ह्या चिमुकल्या दुभाष्याची लबाडी पकडावयाची. आमच्या अभ्यासाचा आरंभ इतका क्षुद्र होता, हें लपवून काय उपयोग?

शिकावयाचें तर ठरलें. पण शिकावयाचें काय, हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहील अशी कल्पनाहि नव्हती. आमची समजूत अशी कीं, बोली देशोदेशीं निराळ्या असल्या तरी खुणा सर्व जगाच्या एकच. भूक लागली तर पोटावर हात, झोंप आली तर गालाखालीं हात. ह्यांत शिकण्यासारखें तें काय! लूककृत शुभवर्तमानांत जखऱ्याची वाचा गेल्यावर त्याच्या सोयऱ्यांनीं त्याला खुणा करून मुलाचें नांव विचारलें आणि त्यानें पाटी मागून तें लिहून दिलें, ही कथा आम्ही वीस वर्षें मुलांना शिकवीत आलों; पण त्या सोयऱ्यांनीं कोणत्या खुणा केल्या असतील, असा प्रश्न ना आम्हांस पडला, ना कोणा मुलानें विचारला.

ही समजूत किती पोकळ आहे तें एका उदाहरणावरून कळेल. इंग्लंड आणि अमेरिका ह्या दोन्ही देशांत इंग्रजीच चालते. पण लंडनचा बहिरा मनुष्य न्यूयॉर्कास गेला तर तेथील बहिऱ्यांचें बोलणें त्याला उमगत नाहीं. उलट अमेरिकेच्या खुणांचें नातें पॅरिसच्या खुणांशीं जुळतें. त्याचें कारण मोठें मौजेचें आहे. थॉमस गॅलोडेट नांवाचे अमेरिकन धर्मोपदेशक बहिऱ्या मुलांस शिकविण्याची रीत शिकावी म्हणून प्रथम इंग्लंडांत गेले. तेथें ज्या ब्रेडवुड घराण्याच्या शाळा होत्या त्यांनीं आपली पद्धत गुप्त ठेविली होती. ती सहजासहजीं सांगेनात. तेव्हां गॅलोडेट पॅरिसच्या शाळेकडे वळले, आणि १८१६ सालीं तेथील लोराँ क्लेर नांवाच्या शिक्षकास, जे स्वतः बहिरे होते, बरोबर घेऊन मायदेशीं परतले. १८१७ सालीं हार्टफोर्ड येथें त्यांची शाळा सुरू झाली. एका घराण्यानें विद्या झांकून ठेविली म्हणून एका खंडाची भाषा बदलली! विद्या झांकून ठेवणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा.

आमची स्वतःची पहिली फजिती ह्याच अज्ञानानें झाली. कॉलेजांत असतांना हेलन केलरबाईंच्या चरित्राच्या एका पुस्तकांत शेवटच्या पानावर एका हातानें दाखवावयाच्या इंग्रजी मुळाक्षरांचें चित्र होतें, तें आम्हीं हौसेनें पाठ केलें होतें. तीच शिदोरी घेऊन एके दिवशीं आम्ही त्या शिंप्याच्या दुकानीं गेलों आणि एका हाताच्या बोटांनीं एकेक अक्षर दाखवीत मोठ्या ऐटींत 'शाळा' हा शब्द लिहिला. त्या गृहस्थांनीं फार सभ्यपणानें तो सर्व खेळ पाहिला आणि मग गल्ल्याखालून कागद-पेन्सिल काढून आमच्यापुढें ठेविली.

एका हाताचीं अक्षरें मूळचीं स्पेनमधलीं. तेथें बोनेट ह्या गृहस्थांनीं १६२० सालींच तीं पुस्तकांत छापलीं. पुढें तीं फ्रान्समधून अमेरिकेंत गेलीं. आपल्याकडे इंग्रजी अक्षरांसाठीं जी रीत रूढ आहे ती इंग्लंडकडून आलेली, आणि ती दोन्ही हातांची आहे. विद्यार्थ्यांनीं आतांच करून पाहावी. डाव्या हाताचीं पांच बोटें म्हणजे इंग्रजीचे पांच स्वर. उजव्या तर्जनीनें डाव्या अंगठ्याचें टोंक शिवलें कीं 'ए', तर्जनीचें शिवलें कीं 'ई', मधल्या बोटाचें 'आय', अनामिकेचें 'ओ' आणि करंगळीचें 'यू'. पांच मिनिटांत पांच स्वर पदरांत पडतात. आपल्या नागरी लिपीचींहि हातांचीं अक्षरें करतां येतात. नेपाळांत तीं चालू आहेत. पण अक्षरें म्हणजे भाषा नव्हे. विशेषनामें, गांवांचीं नांवें, औषधांचीं नांवें ह्यांपुरतीं तीं उपयोगीं पडतात. सगळें बोलणें अक्षरांनीं करूं म्हणणें म्हणजे प्रत्येक वाक्य तारेनें पाठविण्यासारखें आहे. तारखातेंहि आपल्या देशांत २०१३ सालीं बंद झालें.

त्यानंतर एका ओळखीच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनीं आम्हांस आपल्या घरीं शिकविण्याचें कबूल केलें. त्यांनीं बहिऱ्या मुलांच्या शाळेंत बरीच वर्षें काम केलें होतें. त्यांची पद्धत अशी कीं, तोंडानें मराठी वाक्य बोलावयाचें आणि बोलतां बोलतां प्रत्येक शब्दाची खूण त्याच क्रमानें हातानें करावयाची. शब्दास प्रत्यय असला तर त्याचीहि खूण. म्हणजे मराठीच, पण हातांत घातलेली. आम्हांस ही रीत फार पसंत पडली, कारण तिच्यांत आम्हांला नवीन असें फारसें शिकावें लागत नव्हतें. व्याकरण आमचें, क्रम आमचा, विचार आमचा. फक्त खुणांची टिपणवही पाठ करावयाची. तीन महिन्यांत दोनशें-तीनशें खुणा आल्या आणि आम्ही पुन्हा दुकान गांठलें.

आम्हीं वडिलांस सांगितलें, मुलानें कविता तोंडपाठ केली. 'तोंडपाठ' ह्या शब्दासाठीं आमच्या वहींत खूण नव्हती. तेव्हां आम्हीं 'तोंड' केलें आणि मग मागें हात नेऊन 'पाठ' दाखविली. वडील घाबरून मुलाकडे पाहूं लागले. मुलाच्या तोंडाला आणि पाठीला कांहीं लागलें कीं काय, असें त्यांस वाटलें! मग 'काल रात्रीं वाचतां वाचतां आमचा डोळा लागला' हें सांगतांना डोळ्याला मार लागल्याची खूण झाली आणि त्यांनीं कळवळून आमचा चष्मा उतरवून डोळा तपासला. तिसरें वाक्य आम्हीं उच्चारलेंच नाहीं. घरीं जातांना मुलगा आमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आला. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "सर, तुमचे हात मराठी बोलतात. बाबा मराठी बोलत नाहीत."

हें वाक्य आम्हांस झोंबलें, आणि मग आम्ही ह्या विषयावरचें जें मिळेल तें वाचूं लागलों. आमच्या शिक्षिकाबाईंची पद्धत नवी नव्हती. पॅरिस येथें १७६० च्या सुमारास आबे द लेपे ह्या धर्मगुरूंनीं बहिऱ्या मुलांस गोळा करून शाळा काढली. ह्या मुलांना आपल्या खुणा अगोदरच आहेत, हें त्यांनीं पाहिलें; ही त्यांची थोरवी. पण त्या खुणांना फ्रेंच व्याकरण नाहीं असें वाटून त्यांनीं लिंग, काळ, विभक्ति ह्यांच्या कृत्रिम खुणा जोडल्या. परिणाम असा झाला कीं, मुलें गुरुजींसमोर वाक्याचें वाक्य बरोबर लिहून दाखवीत, आणि वर्गाबाहेर पडतांच आपसांत आपल्याच पद्धतीनें बोलत. पुढें त्याच शाळेंतील बेबियां ह्या शिक्षकांनीं ह्या कृत्रिम खुणांविरुद्ध लेखणी उचलली आणि त्या मागें पडल्या. दीडशें वर्षांनीं, १९७० नंतरच्या दशकांत, अमेरिकेंत इंग्रजीचा शब्द न् शब्द हातांत घालण्याच्या तशाच पद्धति पुन्हा निघाल्या. शिक्षकाची जात अशीच. मुलाची भाषा शिकण्यापेक्षां आपली भाषा त्याच्या हातांत कोंबणें आम्हांला नेहमींच सोपें वाटतें.

ह्यांत एक साधी अडचण आहे, ती मापून पाहिलेली आहे. उर्सुला बेलुगी आणि सुझन फिशर ह्या अमेरिकन विदुषींनीं १९७२ सालीं असें दाखविलें कीं, एक खूण करावयास तोंडच्या एका शब्दाच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. तरीहि बहिऱ्यांच्या स्वतःच्या भाषेंत एक सबंध विचार सांगावयास लागणारा वेळ तोंडच्या बोलण्याइतकाच असतो. तें कसें? हात बोलत असतां चेहरा बोलतो, नजर बोलते, हवेंतील जागाहि बोलते. एका क्षणांत तीन-चार गोष्टी सांगितल्या जातात. पण हातांत मराठी घातली म्हणजे शब्दांमागून शब्द, प्रत्ययांमागून प्रत्यय. वेळ दुप्पट होतो. मग शिक्षक थकतो, प्रत्यय गाळूं लागतो, आणि मुलाच्या पदरीं ना धड मराठी पडते, ना धड खुणांची भाषा.

बाईंच्या पद्धतीस अगदींच टाकून द्यावें असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. आमच्या एका मावशींना साठीनंतर ऐकूं येईनासें झालें. त्यांचें सारें आयुष्य मराठींत गेलेलें. त्यांना नवी भाषा शिकवूं जाणें म्हणजे म्हातारपणीं परदेशीं धाडणें होईल. त्यांच्यासाठीं पाटी, थोड्या खुणा आणि ओठांकडे पाहतां यावें असें सावकाश बोलणें हेंच बरें. मराठी वाचन शिकवितांना एखादें वाक्य शब्दशः हातांनीं दाखविणेंहि उपयोगाचें होतें. पण जो मनुष्य खुणांतच लहानाचा मोठा झाला त्याच्याशीं बोलावयाचें तर त्याच्या खुणा शिकल्या पाहिजेत.

वडिलांनींच आम्हांस पुढची वाट दाखविली. एका रविवारीं संध्याकाळीं, उपासना आटोपल्यावर, ते आम्हांस स्टेशनजवळच्या एका चहाच्या दुकानीं घेऊन गेले. तेथें दर रविवारीं शहरांतील बहिरीं माणसें जमतात. पंधरा-वीस मंडळी होती. कोणी छापखान्यांत, कोणी गॅरेजांत, कोणी बँकेंत नोकरीस. आवाज म्हटला तर फक्त कपबशांचा. पण तेथें जेवढें बोलणें चाललें होतें तेवढें आमच्या शिक्षकांच्या खोलींतहि चालत नाहीं. आम्हांस त्यांतलें अक्षर कळलें नाहीं. आम्ही ज्यांना 'मूक' म्हणत आलों तीं हीं माणसें! 'मूकबधिर' हा शब्द त्यांना आवडत नाहीं तें उगाच नव्हे. त्या सभेंत मूक कोणी असलेच तर ते आम्ही होतों.

तेव्हां शेवटीं भारतीय सांकेतिक भाषाच शिकण्याचें ठरलें. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीं पुण्यास जाऊन आठ महिने आम्हीं तिचे धडे घेतले. गुरु आमच्यापेक्षां वीस वर्षांनीं लहान आणि स्वतः बधिर. पहिल्याच तासाला त्यांनीं फळ्यावर लिहिलें कीं, येथें तोंडानें बोलावयाचें नाहीं. पंचवीस वर्षें वर्गांत बडबड करून पोट भरणाऱ्या मनुष्यास ही शिक्षा किती कठीण, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको.

ह्या भाषेचें व्याकरण पाहून आम्ही थक्क झालों. स्त्री दाखवावयाची तर नाकाच्या बाजूस, चमकीच्या जागीं बोट. पुरुष दाखवावयाचा तर मिशीच्या जागीं. त्यापुढें भावंडाची खूण केली कीं बहीण किंवा भाऊ. प्रश्नार्थक शब्द एकच. पण 'चेहरा' करून तो केला तर 'कोण', 'जागा' करून केला तर 'कोठें', 'वेळ' करून केला तर 'केव्हां', 'संख्या' करून केला तर 'किती'. आणि तो वाक्याच्या शेवटीं येतो. नकारहि शेवटीं, हें पाहून आमच्या मराठी मनास बरें वाटलें. काळ क्रियापदास चिकटत नाहीं; 'काल' किंवा 'उद्यां' आधीं सांगून टाकावयाचें. 'तूं' आणि 'आपण' असा भेद नाहीं. समोरच्याकडे सरळ बोट करावयाचें. हें आमच्याच्यानें कित्येक दिवस होईना. वडीलधाऱ्या माणसाकडे बोट दाखविल्याबद्दल लहानपणीं खाल्लेला मार आठवे आणि हात आपोआप उघडा पडे. गुरु हंसून बोट पुन्हा सरळ करून देत.

सर्वांत कठीण गेला तो चेहरा. 'तुम्ही जेवलां' आणि 'तुम्ही जेवलां का?' ह्या दोन वाक्यांत हातांच्या खुणा त्याच. भुंवया वर गेल्या आणि मान किंचित् पुढें आली म्हणजे प्रश्न झाला. आपण ज्यास हावभाव म्हणतों तें येथें व्याकरण आहे. विल्यम स्टोको ह्या अमेरिकन प्राध्यापकांनीं १९६० सालीं प्रथम सप्रमाण दाखविलें कीं, खुणांनाहि शब्दांसारखे अवयव असतात: हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल, एक बदलला कीं अर्थ बदलतो. तोंवर मोठमोठे पंडितहि ह्या भाषांना भाषा म्हणावयास तयार नव्हते.

पण 'भारतीय' म्हणजे तरी कोठली, हा प्रश्न उरतोच. पुण्याच्या वर्गांत शिकलेल्या वारांच्या खुणा आम्हीं स्टेशनजवळच्या मंडळींत केल्या तेव्हां दोन खुणांवर वाद माजला. एकानें आपल्या शाळेंतली दाखविली, दुसऱ्यानें मुंबईची. मात्र वाद झाला तो दोन खुणांपुरता, आणि तोहि त्याच भाषेंत. जेम्स वुडवर्ड व मदन वसिष्ठ प्रभृति अभ्यासकांनीं १९७७ सालापासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगलोर येथील खुणा तपासल्या, तेव्हां शब्द पुष्कळ निराळे पण भाषेचें नातें एक, असें त्यांस आढळलें. पुढें उल्रिके झेशान ह्या जर्मन विदुषींनीं दिल्लीच्या आणि कराचीच्या खुणांचें व्याकरण एकच असल्याचें दाखविलें. मराठी, बंगाली, कानडी, उर्दू बोलणाऱ्यांस जें साधलें नाहीं तें ह्या मंडळींस कोणी न शिकवितां साधलें आहे. दिल्ली येथें २०१५ सालीं ह्या भाषेच्या संशोधनाची व शिक्षणाची सरकारी संस्था निघाली. तिनें केलेल्या कोशांत २०१८ सालीं ३००० शब्द होते, ते २०२१ सालीं १०००० झाले. तो कोश मोबाईलवर फुकट पाहतां येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत ह्या भाषेचें देशभर एक प्रमाण रूप ठरवावें असें म्हटलें आहे, आणि जेथें शक्य व उचित असेल तेथें स्थानिक खुणांचाहि मान राखून त्या शिकवाव्या असेंहि म्हटलें आहे. हीं दोन वाक्यें एकमेकांशीं कितपत नांदतात तें पाहावयाचें. आम्हांस स्वतःला कोश आवडतो. पण कोशांतली खूण आणि दुकानांतली खूण निराळी निघाली तर आम्ही दुकानांतली करतों. ज्याच्याशीं बोलावयाचें तो दुकानांत बसलेला आहे.

ह्या मंडळींची भाषा टिकली हेंच मुळीं नवल. १८८० सालीं मिलान शहरीं बहिऱ्यांच्या शिक्षकांची मोठी परिषद भरली. तींत बहुतेक सर्व ऐकूं येणारेच होते. खुणा बंद कराव्या आणि केवळ तोंडी बोलण्यानेंच शिकवावें असा ठराव झाला, आणि जगभर शाळाशाळांतून खुणा हद्दपार झाल्या. १८८५ च्या सुमारास मुंबईंत बिशप लिओ म्यूरिन ह्यांच्या पुढाकारानें आपल्या देशांतील बहिऱ्यांची पहिली शाळा निघाली, तेव्हां वारा त्याच दिशेनें वाहत होता. त्या ठरावांबद्दल २०१० सालीं व्हँकूव्हर येथील परिषदेनें जाहीरपणें खेद व्यक्त केला. पण मधल्या एकशें तीस वर्षांत किती मुलांच्या हातांवर छड्या बसल्या असतील तें कोणीं मोजावें? शिंपीकाकांनीं आम्हांस सांगितलें कीं, त्यांच्या शाळेंत वर्गांत हात मांड्यांखालीं दाबून बसावें लागे. 'प' आणि 'ब' ह्यांतला फरक कळावा म्हणून मेणबत्तीसमोर तासन् तास फुंकर मारावी लागे. भाषा ते शिकले वसतिगृहांत, रात्रीं, दिव्याखालीं, मोठ्या मुलांकडून. निकाराग्वा देशांत १९७७ नंतर असेंच घडलें. तेथें मानाग्वा शहरीं बहिरीं मुलें प्रथमच एका शाळेंत एकत्र आलीं. शिक्षक ओठ वाचावयास शिकवीत होते, आणि मुलांनीं मैदानांत व बसमध्यें आपली स्वतःची नवी भाषा घडविली.

असें आठ महिने झाल्यावर एके संध्याकाळीं दुकानांत गिऱ्हाईक नव्हतें. शिंपीकाकांनीं यंत्र थांबविलें. आम्हीं धीर करून, भुंवया नीट सांभाळीत, विचारलें: त्या दिवशीं शाळेंत मुलानें आपल्याला काय सांगितलें?

त्यांनीं सारें सांगितलें. एकवीस दिवस, खोटेंनाटें, परीक्षा. एकहि शब्द गळला नव्हता. मुलानें मान खालीं घालून स्वतःवरचा आरोप पूर्णपणें बापापुढें मांडला होता. मग आपण हंसलां कां, असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, "तुम्ही हंसत होतां." आम्ही! आठवून पाहिलें तर खरें होतें. पालकांशीं बोलतांना सभ्यपणा म्हणून तोंडावर स्मित ठेवण्याची आम्हां शिक्षकांना संवयच असते. हात मुलाचे रागाचें सांगत होते आणि चेहरा आमचा प्रसन्न होता. ज्यांच्या भाषेंत चेहरा हें व्याकरण, त्यांनीं समजावें काय? त्यांनीं समजुतीनें आमच्या हंसण्याला हंसून उत्तर दिलें.

"आणि पुढें आपण बराच वेळ बोललां तें काय?"

त्यावर त्यांनीं थोडा वेळ हात मांडीवर ठेविले. मग सांगितलें कीं, मुलाचा अपराध नाहीं. त्याच्या आईचे उपचार चालू होते. इस्पितळांत खुणा कोणास येत नाहींत. डॉक्टर लिहून देतात तें इंग्रजींत, आणि तिला मराठीहि बेताचेंच वाचतां येतें. म्हणून प्रत्येक खेपेस मुलगा बरोबर जातो. छातींत गांठ आहे, ती काढावी लागेल, पुढें काय होईल तें आतां सांगतां येत नाहीं, हें सर्व डॉक्टरांच्या तोंडून ऐकून आईच्या डोळ्यांकडे पाहत तिला सांगणारा तोच होता, चौदा वर्षांचा. हें त्यांनीं त्या दिवशीं आम्हांस सांगितलें होतें. आणि आमच्यापर्यंत आलें तें 'बरं म्हणतात, सर'.

मुलानें लबाडी केली होती खरी. पण ती आमच्या समजुतीच्या उलट. आरोप त्यानें पुरा पोंचविला आणि बचाव गिळून टाकला. पुढें एकदां आम्हीं त्याला विचारलें, कां नाहीं सांगितलेंस? तो बुटाच्या टोंकाकडे पाहत म्हणाला, "आईची गोष्ट होती ती, सर."

त्या आठवड्यांत आम्हीं तीन गोष्टी केल्या. हजेरीपटावरील त्या एकवीस दिवसांपुढें कारण लिहून मुख्याध्यापकांची सही घेतली. पुण्याच्या आमच्या गुरूंकडून एका प्रशिक्षित दुभाषी बाईंचा पत्ता मिळविला. त्या आतां आईच्या तपासणीच्या वेळीं मोबाईलवर चित्रफोनानें हजर असतात. आम्हीं स्वतः एकदां ती कामगिरी करून पाहिली, पण आमच्या आठ महिन्यांच्या विद्येवर दुसऱ्याच्या प्राणाचा भार टाकण्याची छाती झाली नाहीं. तिसरी गोष्ट अशी कीं, त्या मुलाकडून त्याच्याच घरच्यांसाठीं दुभाष्याचें काम शाळेंत पुन्हा घेतलें नाहीं. आईची प्रकृति, देवाच्या कृपेनें, आतां चांगली आहे. काजें-बटणें पुन्हा सुरू झालीं आहेत.

गेल्या पालकसभेंत शिंपीकाका आले, तेव्हां मुलगा मैदानावर क्रिकेट खेळत होता. आम्ही दोघे खिडकीशीं बसून बोललों. त्यांनीं आमच्या भुंवया दोनदां आणि एक खूण चारदां सुधारली. निघतांना त्यांनीं आम्हांस नांव दिलें. बहिऱ्यांच्या समाजांत प्रत्येकाची एक नांवाची खूण असते. ती आपली आपण ठरवितां येत नाहीं, त्यांच्यांतल्यानें द्यावी लागते, आणि दिली कीं मुकाट्यानें स्वीकारावी लागते. आम्हांस वाटलें होतें, पुस्तक किंवा निदान खडू तरी येईल. पण त्यांनीं तर्जनीनें नाकावरून घसरणारा चष्मा वर सारल्याची खूण केली आणि तोंडाचा थोडा चंबू केला. वर्गांत चूक सांपडली म्हणजे आमचें तोंड तसें होतें म्हणे. ही माहिती त्यांस कोणीं पुरविली तें विचारण्याची गरज नव्हती. तेव्हांपासून आम्ही व्हरांड्यांतून येऊं लागलों कीं नववीच्या वर्गांत पहिल्या बांकापासून शेवटच्या बांकापर्यंत चाळीस बोटें न दिसणारे चष्मे वर सारतात, आणि आम्ही दारांत पोंचेपर्यंत सगळा वर्ग कमालीचा शांत झालेला असतो.